घरचे स्पीकर पितृपंधरवड्यात

विसर्जनानंतर दोन दिवस पुण्याचे कान रिकामे असतात. दहा दिवस खिडकीच्या काचा थरथरत असतात, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि मग एका सकाळी अचानक शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, आपल्या घड्याळाची टिकटिक, खालच्या वॉचमनचा खोकला असं सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागतं. पाठोपाठ पितृपंधरवडा लागतो. कपड्यांच्या दुकानांतली माणसं दारात येऊन रस्त्याकडे बघत उभी राहतात. खराडीच्या आमच्या ऑफिसातला प्रोजेक्ट मॅनेजर, ज्याचा एरवी कशावरच विश्वास नाही, तोसुद्धा नव्या गाडीची डिलिव्हरी पंधरा दिवस पुढे ढकलतो. ऊन तापायला लागलेलं असतं, पण हवेतली ओल अजून गेलेली नसते. नवं काही आणायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही. मला हे दिवस लहानपणापासून आवडत आले आहेत, कारण या दिवसांत कुणी आपल्याकडून उत्साहाची अपेक्षा करत नाही.

काल दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. "येताना अळूची पानं आण. वडीची, काळ्या देठाची. सोळा आण, आणि फाटकी घेऊ नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी जागेवर बसून राहिले. या पानांची मी वर्षभर वाट बघत होते असं कुणाला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी बाबांचे स्पीकर दुरुस्तीला दिले होते.

बाबांचे स्पीकर म्हणजे सागवानी प्लायवूडची दोन खोकी, माझ्या गुडघ्याहून थोडी उंच. बाबा टेलिफोन खात्यात होते. ऑफिसातल्या ओळखीतून त्यांना एका मायदेशी परतणाऱ्या जर्मन इंजिनिअरच्या घरातले चार स्पीकर मिळाले, दोन मोठे, दोन लहान, नुसते, खोक्यांशिवाय. खोकी त्यांनी स्वतः केली. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मी बारा वर्षांची होते. त्या पावसाळ्यात घरभर भुसा आणि सरसाचा वास होता, आणि आई दिवसातून तीनदा केर काढत होती. दिवाळीच्या तोंडावर खोकी बंद झाली. पहिल्यांदा भीमपलास लागला तेव्हा तंबोरा खोलीच्या भिंतींतून येतोय असं वाटलं होतं. शेजारचे लोक दारात येऊन उभे राहिले आणि बाबा कुणाकडेच न बघता चष्मा पुसत बसले.

पुढे आम्ही कोथरूडला आलो. स्पीकरही आले. रोज सकाळी सात ते आठ बाबांचं ऐकणं चालायचं. आई चहा घेऊन तिथेच बसायची आणि ऐकता ऐकता पदराने खोक्यांवरची धूळ पुसायची. दहाएक वर्षांपूर्वी मोठ्या स्पीकरच्या कडेची स्पंजाची गोल पट्टी कुजली. बोट लावलं की काळा भुगा पडायचा. आवाज फाटला. मी म्हटलं, देऊ या दुरुस्तीला. बाबा म्हणाले, "नको." त्यांच्या स्वभावाला हे अगदीच सोडून होतं. जे गृहस्थ मिक्सर जरा वेगळा वाजला तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याचे अवयव मांडायचे, ते स्पीकरच्या बाबतीत म्हणायचे, "उघडायचे नाहीत. जुनं झालं की गप्प बसतं. बसू दे." मला ते प्रेमाचं वाटलं. बाबा स्वतःही म्हातारे होत होते, तेव्हा त्या वाक्याचा मी माझ्या सोयीने अर्थ लावला. खोक्यांवर आईने विणलेले रुमाल आले, रुमालांवर मनीप्लांट आला. बाबा गेले तोवर ते स्पीकर म्हणजे कुंड्या ठेवायची स्टुलं झाली होती.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाल्यावर, मागच्या वर्षी, मला त्या स्टुलांचा राग यायला लागला. मी चौकशी केली तेव्हा तीन जणांनी एकच नाव सांगितलं, शनिवार पेठेतले हमीदभाई.

हमीदभाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांच्या वडिलांनी तिथेच ग्रामोफोन दुरुस्त केले. स्वतः हमीदभाई पासष्टीचे, कपाळावर चष्मा आणि नाकावर दुसरा चष्मा. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी आहे. "गणपतीचे बॉक्स आधी. घरचे स्पीकर पितृपंधरवड्यात. वाद घालू नये." मी ऑगस्टमध्ये गेले होते, आणि वाद घातला. ते म्हणाले, "ताई, पाटी तुमच्यासाठीच लावलीये. आता मंडळांचे जळलेले स्पीकर येणार. विसर्जनापर्यंत मला मान वर करायला सवड नाही. घटस्थापनेला पुन्हा तेच सुरू. मधले पंधरा दिवस तुमच्या पितरांचे आणि माझे. तेव्हा आणा, नीट करून देतो." पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस आपलं सगळं कामकाज आमच्या तिथींवर बेतून बसला होता, आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

पंधरवडा लागला त्या दिवशी मी दोन्ही खोकी रिक्षाने नेली. त्यांनी आधी वाजवून पाहिलं नाही. दोन्ही हातांची बोटं स्पीकरच्या पडद्यावर ठेवून तो हलकेच आत ढकलला आणि कान जवळ नेला. "कॉइल घासत नाही. जिवंत आहे." मग दुसऱ्याला तसंच. मी म्हटलं, उजवा जास्त खराब आहे, आधी तो करा. त्यांनी मान हलवली. "जोडी आहे. एकाला हात लावला की दुसऱ्याला लावायचाच. नाहीतर एक तरुण आणि एक म्हातारा, दोघांचं जमत नाही." आत कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, मधोमध राहावी म्हणून ते भोवती पातळ पट्ट्या बसवतात, आणि त्या कापतात जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून. कुणाच्या तरी बरगड्या, कुणाचा खुबा. मला ते बघायला आवडलं. गोंद वाळायला एक दिवस, मग दुसऱ्या बाजूचा गोंद, मग आणखी एक दिवस. घाई केली की पडदा वाकडा बसतो आणि जन्मभर घासत राहतो, असं ते म्हणाले.

इथे मला आमच्या घरातल्या एका परातीबद्दल सांगायला हवं.

स्टीलची मोठी, चांगली जाड परात. शनिवार पेठेत ती वरच्या फळीवर होती, कोथरूडलाही वरच्याच फळीवर आली. पस्तीस वर्षं ती कुणी वापरायला काढली नाही. घरात परात लागली की आई शेजारून मागून आणायची, पण ही नाही.

मी बारा वर्षांची असताना, म्हणजे ज्या पावसाळ्यात खोकी झाली त्याच्या आधीच्या थंडीत, आईचे वडील दवाखान्यात होते. आई रोज दुपारी त्यांच्या उशाशी बसायची आणि विणायची. उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांची पिशवी ती पलंगावर ठेवायची, आजोबा एक रंग निवडायचे, आणि त्या दिवशी त्या रंगाचा एक चौकोन व्हायचा. सगळे जोडून त्यांच्यासाठी पांघरूण करायचं होतं. अठ्ठेचाळीस पूर्ण झाले. एकोणपन्नासावा अर्धा झाला होता तेव्हा ते गेले. आईने ते चौकोन सुटेच एका निळ्या कापडी पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले. जोडायचे म्हणाली, पण तिला ते जमलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईला सुमनआत्या आली होती, बाबांची धाकटी बहीण. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. ट्रंक उघडली, कपडे कॉटवर काढले, जुन्यांचा ढीग वेगळा झाला. आई खाली पाणी भरत असताना बोहारीण आली. आत्याने हुशारीने घासाघीस केली, जुन्या कपड्यांचं बोचकं दिलं आणि परात घेतली. वहिनीची परात पातळ झाली होती म्हणून तिने मुद्दाम जाड निवडली. संध्याकाळी आई म्हणाली, "निळी पिशवी कुठंय? कॉटवर होती." आत्याचा चेहरा मला अजून आठवतो. ती म्हणाली, "मी नाही दिली." मग थोड्या वेळाने, "निदान मला तसं वाटत नाही."

बाबांना कुणी विचारलं नाही. लोकर, कपडे, बोहारीण हा सगळा बायकांचा प्रांत. बाबा दिवसभर बाहेरच्या खोलीत खोक्यांच्या मागच्या फळ्या बसवत होते.

आई भांडली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत्याला कायम 'वन्सं' म्हणत राहिली, तुम्ही म्हणत राहिली, वाढताना कधी हात आखडता घेतला नाही, पण त्या दिवसानंतर तिने आत्याला आपणहून कधी फोन केला नाही. सणाचं आमंत्रण बाबांनी द्यायचं, पुढे मी. आत्या यायची, पानावर बसायची, वर फळीकडे न बघता जेवायची, आणि निघून जायची. मला मोठेपणी दोघींचाही राग यायचा. चार लोकरीच्या तुकड्यांसाठी माणसं पस्तीस वर्षं असं वागतात याचा अचंबा वाटायचा. मी तेव्हा कुणाच्या उशाशी बसले नव्हते, म्हणून.

पंधरवड्याच्या सहाव्या दिवशी हमीदभाईंचा फोन आला. "ताई, येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही." मला वाटलं कॉइल जळली. अर्धी रजा टाकून मी खराडीहून शनिवार पेठेत पोहोचले.

त्यांनी टेबल पूर्ण रिकामं केलं होतं. त्यावर स्वच्छ चादर, आणि चादरीवर ओळीने मांडलेले लोकरीचे चौकोन. डाव्या खोक्यातले डावीकडे, उजव्यातले उजवीकडे. पिवळा, विटकरी, बाटलीसारखा हिरवा, दोन-तीन जांभळे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात गंजाचा लहानसा डाग, कारण ते आतल्या फळीवर चुका मारून बसवलेले होते, एकाशेजारी एक, इतके सरळ की ते काम कुणाचं हे कुणी सांगायची गरज नव्हती. टेबलाच्या कडेला निळी पिशवी होती, घडी घातलेली. तीही उजव्या खोक्याच्या तळाशी होती.

"स्पीकरच्या डब्यांत मी कापूस पाहिलाय, काथ्या पाहिलाय, जुन्या उश्या पाहिल्यात," हमीदभाई म्हणाले. "पण हे चिंध्यांसारखं नाही वाटलं. कुणीतरी बसून केलंय. म्हणून बोलावलं."

मी खुर्चीवर बसले. त्यांनी न विचारता चहा सांगितला. नंतर, माझ्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, त्यांनी समजावलं. स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा जेवढा आवाज पुढे जातो तेवढाच मागे खोक्यात जातो. आत काही मऊ नसेल तर मागचा आवाज आपटून परत येतो आणि पुढचा गढूळ करतो. "मागचा गिळायला काहीतरी लागतं. लोकरीसारखं काही नाही. वडिलांनी माल चांगला भरला होता." मी त्यांना सगळं सांगितलं, परातीसकट. त्यांनी वरचा चष्मा काढून पुसला. "ते माझ्या हातातलं नाही, ताई. मला एवढंच सांगा, आत काय भरू? घटस्थापनेआधी मला डबे बंद करायचेत."

रिक्षात पिशवी मांडीवर होती. बाबांनी ती का उचलली असेल हे कळायला अवघड नव्हतं. कॉटवर जुन्या कपड्यांच्या शेजारी सुटे, न जोडलेले तुकडे. त्यांना ती शिल्लक लोकर वाटली असणार, आणि मनात म्हणाले असतील, वा. ते चुकून झालं. पण संध्याकाळी आई पिशवी शोधत होती तेव्हा ते दहा फुटांवर होते. खोकी बंद करून वर पॉलिशचा पहिला हात मारून झाला होता. तेव्हा ते बोलले नाहीत, ते मात्र चुकून नव्हतं. पुढेही बोलले नाहीत. रोज सकाळी आईला शेजारी बसवून त्यातूनच गाणं ऐकत राहिले. 'उघडायचे नाहीत' याला मी प्रेम म्हणत होते. मला त्यांचा इतका राग आला की रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे वळू, तरी मला ऐकू आलं नाही.

तीन दिवस मी पिशवी माझ्या कपाटात ठेवली. दशमीला बाबांची तिथी होती. आईकडे त्यांच्या आठवणींशिवाय आता होतं काय? ते मी कसं काढून घ्यायचं? आणि नाही सांगितलं तर मीही त्यांच्यासारखीच. रोज ऑफिसातून येताना ठरवायचे, आणि घरी आल्यावर आई विचारायची, "स्पीकरचं काय झालं?" मी म्हणायचे, "गोंद वाळतोय." बाबांचा आवाज माझ्याच तोंडून येतोय असं वाटायचं.

नवमीच्या सकाळी आई पेपर वाचत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली.

तिने लगेच हात लावला नाही. मग एकेक चौकोन काढत गेली. "हा हिरवा. त्या दिवशी पेज गेली होती दादांना." ती वडिलांना दादा म्हणायची. "हा पिवळा. तो डॉक्टर ओरडला होता तो दिवस." पस्तीस वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. अर्धा चौकोन हाती आला, त्याचे टाके दोऱ्यात ओवून ठेवलेले तसेच होते. तेव्हा ती थांबली.

"कुठे होते?"

"स्पीकरमध्ये."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत राहिली. "तरीच हे उघडू देत नव्हते," एवढंच म्हणाली. मला वाटलं रडेल. ती उठली, सगळे चौकोन गॅलरीत उन्हाला घातले, आणि स्वयंपाकघरात जाता जाता फोटोकडे वळून म्हणाली, "यंदा अळूवड्या नाहीत."

बाबांच्या पानावर अळूवडी नाही, हे आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. त्यांच्या हयातीत नाही आणि नंतरही नाही.

मग तिने फोन उचलला आणि आत्याला लावला. मी दारात उभी राहून ऐकत होते. "वन्सं, मी बोलतेय. उद्या लवकर या." पलीकडून आत्या घाबरून काहीतरी विचारत असावी. "नाही, मी बरी आहे. लवकर या म्हटलं."

दशमीला मी उठले तेव्हा आई स्टुलावर चढलेली होती. पंचाहत्तराव्या वर्षी. मी ओरडेपर्यंत परात तिच्या हातात आली होती. दुकानाचं कागदी लेबल अजून तिच्यावर चिकटलेलं होतं, पिवळं पडलेलं. तिने ते खोबरेल तेल लावून खरवडलं, परात चिंचेने घासली आणि पुऱ्यांची कणीक त्यातच मळायला घेतली.

आत्या आली. सिंहगड रोडवरून मुलाच्या स्कूटरवर येते, गुडघे दुखतात, त्यामुळे आत आली की आधी भिंत धरून उभी राहते. तिने ओट्याकडे पाहिलं आणि भिंतीवरचा हात काढलाच नाही.

"वन्सं," आई कणकेत हात तसेच ठेवून म्हणाली, "पिशवी तुम्ही दिली नव्हती."

"मग कुणी?"

आईने हनुवटीने फोटो दाखवला, आणि सांगितलं. आत्या खुर्चीत बसली. "वहिनी, मलाच वाटायला लागलं होतं गं, की मीच दिली," ती म्हणाली. "पहिल्यांदा खात्री होती, नाही दिली. मग वर्षा-दोन वर्षांनी मला दिसायलाच लागलं, मी ती निळी पिशवी बोचक्यात घालतेय. माझे हात दिसायचे मला. त्या बोहारणीला मी सहा महिने शोधत होते, माहितीये? दर मंगळवारी शनिवार पेठेत यायचे. तुमच्या घरी यायचे नाही, नुसती फिरून जायचे."

आई हात न धुताच तिच्या शेजारी जाऊन बसली. आत्याच्या साडीला कणीक लागली. दोघी फोटोकडे बघत होत्या आणि दोघींच्याही डोळ्यांना पाणी होतं. मी गॅस बारीक केला, कारण भाजी लागत होती.

थोड्या वेळाने आत्याने पदराने नाक पुसलं आणि ओट्यावरून नजर फिरवली. "अळूवड्या?"

"नाही केल्या."

"बरं केलंस," आत्या म्हणाली, आणि पुऱ्या लाटायला बसली.

चौकोन आईने परत पाठवले. मी म्हटलं, जोडून देते. ती म्हणाली, "आता कपाटात ठेवले तर कसर लागेल. आहेत तिथे रोज ऐकू तरी येतील." हमीदभाईंनी ते पुन्हा तसेच बसवले, नव्या चुका मारून. अर्धा मात्र आईने ठेवून घेतला. "एक कमी आहे," हमीदभाई म्हणाले. मी म्हटलं, "असू दे." त्यांनी खोकी बंद केली आणि सूर लावून दोन्ही ऐकले. आवाज आधीपेक्षा किंचित वेगळा आला, असं मला वाटलं. तो म्हणे नव्या पट्टीमुळे असतो, चार महिन्यांत मोकळा होतो.

वर्षभर सकाळी सातला ते वाजतात. आत्या महिन्यातून एकदा राहायला येते. बाबांचं नाव आईच्या तोंडी कमी आलं. फोटोवरची धूळ ती पुसायची, हार घालायची, पण बोलायची नाही. आपल्या नवऱ्यावर रुसायचं राहून गेलेलं, ते तिने सावकाश पुरं केलं. मी मध्ये पडले नाही.

आणि काल तो फोन आला.

पानं मी दोनदा तपासून घेतली. घरी आले तर आत्या आलेलीच होती. दोघी गाणं लावून स्पीकरसमोर बसल्या होत्या, मध्ये परात. आईने पानांची पिशवी घेतली, एकेक पान उजेडात धरून बघितलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि देठाकडच्या शिरा लाटण्याने दाबायला आत्याकडे दिलं. सोळा भरली. मग ती फोटोकडे न बघताच म्हणाली, "आवाज जरा वाढव गं. त्यांना तिथवर ऐकू जायला हवं."